सोळापैकी तेरा

तर झालं असं, की मुलुंडच्या मामाची बिल्डिंग शेवटी एकदाची रीडेव्हलपमेंटला गेली. इतकी वर्षं नुसत्या मीटिंगा आणि मीटिंगांनंतरची भांडणं चालली होती, त्यामुळे कुणाचा विश्वासच बसत नव्हता. आता तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायचं म्हणजे सामान निम्मं करणं आलं. मामीने वहीत 'काय टाकायचं' अशी यादी केली. यादीत पहिला नंबर होता 'तो डबा'.

डबा म्हणजे मामाचा अ‍ॅम्प्लिफायर. १९८९ साली लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग गोळा करून मामाने स्वतः जोडलेला. आत २एन३०५५ ट्रान्झिस्टर, वर लोखंडी पत्र्याची पेटी, पुढे चार गोल नॉब आणि एक लाल दिवा. वजन सव्वानऊ किलो (नंतर वजनकाट्यावर ठेवून बघितलं). आतले कपॅसिटर मामाने दोनदा बदललेत. माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मुलुंडला गेलो की सकाळी त्या लाल दिव्यासमोर बसून भीमसेन ऐकायचा, हा नेम होता. हात लावायची मात्र बंदी!

मी घरातला 'कॉम्प्युटरवाला', त्यामुळे मामीचा फोन मला आला. "अरे, तेवढ्याच आवाजाचं काहीतरी लहानसं घेऊन दे ना त्याला. आणि तूच सांग, माझं ऐकत नाही तो." मी लगेच एक छोटा क्लास-डी अ‍ॅम्प मागवला. तळहातापेक्षा थोडा मोठा, जेवणाच्या डब्यापेक्षा हलका, किंमत अकरा हजार. शनिवारी मुलुंडला जाऊन जोडूनही दिला. मामाने डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे रे. स्वच्छ आहे. पण माझा जास्त भरीव वाजतो."

भरीव! ऑडिओच्या नादी लागलेल्या कुणालाही हा शब्द ओळखीचा असेल. भरीव, मोकळा, उबदार, कोरडा... या शब्दांना मीटर नाही, त्यामुळे वाद कधी संपत नाही. मी इंजिनियर माणूस. म्हटलं, थांब, दाखवतोच.

आधी मल्टिमीटर काढला. एक किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजलं. मामा त्याच्या अ‍ॅम्पचा नॉब नेहमी एका ठरलेल्या खुणेवर ठेवतो, तिथे आलं २.२४ व्होल्ट. नवीन अ‍ॅम्पवर त्याला 'तेवढाच' वाटलेला आवाज होता २.०० व्होल्ट. म्हणजे साधारण १ डेसिबलचा फरक. आणि इथेच सगळी गोम आहे. एवढा फरक आपल्याला 'मोठा आवाज' म्हणून सहसा कळतच नाही. तो कळतो 'चांगला आवाज' म्हणून. खालचे स्वर जरा जास्त जाणवतात, तानपुरा जरा जवळ येतो, आणि आपण म्हणतो भरीव. शोरूममध्ये महागडा सेट हळूच एक रेघ वर ठेवला की झालं काम. म्हणून गंभीर चाचण्यांमध्ये दोन्ही उपकरणं ०.१ डेसिबलच्या आत जुळवून घेतात, म्हणजे व्होल्टेजमध्ये सव्वा टक्क्याहूनही कमी फरक.

मी मामाला हे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. पण माझा भरीव वाजतो."

आता डोळ्यांवर पट्टी बांधण्याशिवाय पर्याय नव्हता. अक्षरशः नव्हे, पण कुठला अ‍ॅम्प चालू आहे हे न दिसता ऐकायचं. कारण दिसलं की कान बिघडतात. अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली हे फार छान दाखवून दिलं होतं. चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्यामागे ठेवून. दिसत होते तेव्हा देखण्या, मोठ्या स्पीकरना भरपूर मार्क पडले. पडदा आल्यावर मार्क बदलले. ऐकणारे लोक रस्त्यावरून उचलून आणलेले नव्हते, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच कर्मचारी होते. त्यांची ही गत, तर ज्याने पेटी स्वतःच्या हाताने जोडलीय त्याचं काय होणार?

तर पहिली परीक्षा अशी. हॉलमध्ये दोरी बांधून चादर टाकली. चादरीमागे दोन्ही अ‍ॅम्प आणि माझी बायको. तिने प्रत्येक वेळी नाणं उडवायचं आणि छापा-काट्याप्रमाणे स्पीकरच्या वायरी या नाहीतर त्या अ‍ॅम्पला लावायच्या. मामाने ऐकून सांगायचं, 'माझा' की 'नवा'. असं सोळा वेळा. आवाज जुळवलेला: २.०० आणि २.०२ व्होल्ट. मी कागदावर लिहीत होतो.

सोळापैकी नऊ बरोबर.

नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४० टक्के असते. म्हणजे निकाल शून्य. मी जरा जास्तच खूश झालो, खोटं कशाला बोलू. मामीने तर लगेच "मंगळवारी भंगारवाला येतोय" असं जाहीर करून टाकलं. मामा काही बोलला नाही. चादर काढून घडी घातली, अ‍ॅम्पवर नेहमीचं भरतकामाचं कापड टाकलं, आणि मला विचारलं, "तू माझी परीक्षा घेतलीस की अ‍ॅम्पची?"

मी हसण्यावारी नेलं. पण परतीच्या गाडीत कर्जत येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण प्रश्न बरोबर होता.

एक तर वायरी बदलायला प्रत्येक वेळी चाळीस-पंचेचाळीस सेकंद लागत होते. आवाजाचे बारकावे कानात काही सेकंदच टिकतात. चाल लक्षात राहते, माणसाचा आवाज वर्षानुवर्षं लक्षात राहतो, पण 'मघाच्या तानपुऱ्यापेक्षा हा तानपुरा किंचित वेगळा' असली गोष्ट पाऊण मिनिटाने आठवणीतून जवळजवळ गेलेली असते. मग माणूस ऐकत नाही, आठवतो. दुसरं म्हणजे सोळा फेऱ्यांना चहा धरून दोन तास लागले. मामा अडुसष्ट वर्षांचा. शेवटी शेवटी तो कंटाळून "माझा, माझा, माझा" म्हणत होता. आणि तिसरी गोष्ट घरी पोचल्यावर बायकोने कबूल केली. नाणं दोनदा तेच पडलं की ती वायरी काढून परत लावायची नाही, नुसतीच थोडी खुडबुड करायची. शिवाय तो जड अ‍ॅम्प खाली जमिनीवर होता, त्याला वायर लावताना वाकावं लागायचं आणि बांगड्या वाजायच्या. म्हणजे मामाने नीट लक्ष दिलं असतं तर कानाने नाही, बांगड्यांवरून सोळापैकी सोळा काढले असते!

बर्लिनच्या हुशार हान्स घोड्याची गोष्ट माहीत असेल. तो गणितं सोडवायचा आणि उत्तराइतक्या टापा वाजवायचा. ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये शोधून काढलं, की उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि अंगात नकळत बारीक हालचाल होते, घोडा ती बघून थांबतो. म्हणून परीक्षा घेणाऱ्यालाही उत्तर माहीत नको. आमच्याकडे बायकोला माहीत होतं, म्हणजे परीक्षा अर्धीच आंधळी.

त्या आठवड्यात मी ऑफिसचं काम सोडून हेच वाचत बसलो. (मॅनेजर हे वाचत नाही अशी आशा.) 'अ, ब आणि क्ष' असा चाचणीचा एक प्रकार आहे, त्याला एबीएक्स म्हणतात. अ आणि ब कुठले ते माहीत असतं, हवं तितक्या वेळा ऐकता येतात. क्ष त्या दोघांपैकीच एक असतो. ओळखा. गंमत म्हणजे ही पद्धत काही हाय-फायवाल्यांनी काढलेली नाही. बेल लॅब्समधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी ती १९५० मध्ये मांडली, म्हणजे मुळात टेलिफोनवाल्यांचं काम! माझा मामा जन्मभर टेलिफोन खात्यात होता. हे त्याला फोनवर सांगितलं तर भलताच खूश झाला. मग अशी चाचणी बटणावर घेता येईल असं यंत्र अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी बनवलं आणि त्यातल्या डेव्हिड क्लार्कने १९८२ साली त्यावर पेपर लिहिला. पुढे जानेवारी १९८७ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने सव्वादोनशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या ट्यूब अ‍ॅम्पपर्यंत सगळे एका रांगेत लावले. निकाल नाण्याच्या आसपास. तेव्हापासून जगात दोन तट पडलेत. एक म्हणतो अ‍ॅम्पमध्ये फरक नसतोच, दुसरा म्हणतो फरक असतो, तुमची चाचणीच तो मारून टाकते.

मी पहिल्या तटातला. होतो, असं म्हणू.

कारण मग लेव्हेंथल नावाच्या माणसाचा १९८६ मधला मुद्दा वाचला, आणि तो निव्वळ आकडेमोडीचा आहे, त्यामुळे मला टाळता येईना. सोळा फेऱ्यांच्या चाचणीत साधारण बारा बरोबर आले तरच 'फरक ऐकू येतो' असं मानतात, कारण नुसत्या नशिबाने बारा यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते. ठीक. पण समजा एखाद्याला खरोखरच फरक ऐकू येतोय, मात्र अगदी पुसट, म्हणजे दहापैकी सहा वेळा तो बरोबर सांगतो. असा माणूस सोळापैकी बारा कधी गाठणार? मी ऑफिसात बसून हिशोब केला: १७ टक्के वेळा. उरलेल्या ८३ टक्के वेळा त्याला आपण 'नापास, तुला काही ऐकू येत नाही' असं सांगून घरी पाठवणार. आणि तो खरं बोलत असणार! सोळा फेऱ्यांची परीक्षा ढोबळ फरकासाठी ठीक आहे. पुसट फरकासाठी ती म्हणजे सोन्याचा कण तोलायला भाजीवाल्याचा काटा.

याच्याही पुढची गोष्ट स्वीडिश रेडिओची. १९९० च्या सुमारास त्यांनी डिजिटल प्रसारणासाठी आवाज आकुंचित करणाऱ्या कोडेकच्या चाचण्या घेतल्या. साठ जाणकार ऐकणारे, वीस हजारांहून जास्त फेऱ्या, सगळं कसं आंधळं आणि शास्त्रशुद्ध. ठरलं, की चालेल. मग त्यातल्या रेकॉर्डिंगची एक प्रत बार्ट लोकँथी नावाच्या जुन्या ऑडिओ इंजिनियरकडे गेली. त्याने ऐकलं आणि सांगितलं, की यात १.५ किलोहर्ट्झवर एक बारीक शिट्टी वाजतेय. शिट्टी होतीच. एकदा दाखवून दिल्यावर बाकीच्यांनाही ऐकू यायला लागली. वीस हजार फेऱ्यांमध्ये निसटली, कारण काय ऐकायचं हे कुणाला माहीत नव्हतं. घरात झुरळ आहे हे माहीत नसेपर्यंत दिसत नाही, एकदा दिसलं की मग रोज रात्री दिसतं. तसंच.

म्हणजे कान शिकवावे लागतात. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर आणून लोकांना ओळखायला लावलं. ५५४ फेऱ्यांत २७६ बरोबर, नाण्यापेक्षा एक कमीच म्हणा. पहिला तट नाचला. मग २०१६ मध्ये जोशुआ राइसने असल्या अठरा प्रयोगांची, साडेबारा हजारांवर फेऱ्यांची बेरीज केली तर एकूण ५२.३ टक्के बरोबर. फारच थोडं, पण एवढ्या मोठ्या आकड्यात ते नशीब म्हणून सोडता येत नाही. आणि ज्यांना आधी सराव दिला होता त्यांचा आकडा स्पष्टपणे वर. आता ५२.३ टक्क्यांसाठी कुणी घरातल्या सगळ्या सीडी फेकून द्याव्या का, हा वेगळा प्रश्न. माझं उत्तर नाही असंच आहे.

असो. तर मी ठरवलं, मामाची परीक्षा परत घ्यायची, नीट. मामीकडून भंगारवाल्याला दहा दिवस मुदतवाढ मिळवली आणि पेटी बनवायला घेतली.

पेटी सोपी आहे. दोन रिले, त्यांनी दोन्ही अ‍ॅम्पच्या वायरी आलटून पालटून एकाच स्पीकरच्या जोडीला द्यायच्या. अधिक आणि उणे दोन्ही वायरी तोडायच्या, कारण क्लास-डी अ‍ॅम्पची उणे वायर बऱ्याचदा अर्थ नसते, दोघांची उणे एकत्र बांधली की धूर. एक आर्डुइनो, तीन बटणं: अ, ब, क्ष. प्रत्येक फेरीत क्ष कोण हे आर्डुइनो ठरवणार, उत्तर स्वतःजवळ ठेवणार, आणि सोळा झाल्यावर एकदम निकाल दाखवणार. मला माहीत नाही, बायकोला माहीत नाही. बांगड्यांचा प्रश्नच मिटला.

गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदा मीच बसलो. माझ्याकडे हेडफोनसाठी घेतलेला अडतीस हजारांचा डॅक आहे. मित्रांना मी वर्षभर त्याचं कौतुक ऐकवलंय. तो एका बाजूला आणि फोनला लावायचा नऊशे रुपयांचा डोंगल दुसऱ्या बाजूला, लेव्हल जुळवून.

सोळापैकी सात.

आता बघा माणसाचं मन कसं असतं. मामाच्या नऊ वेळी मी म्हणालो होतो, निकाल स्पष्ट आहे. माझ्या सातला मात्र मला लगेच लेव्हेंथल आठवला. ८३ टक्के! थकलेला होतो! रस्त्यावर हॉर्न वाजत होते! बायकोने नुसतं विचारलं, "आणि सोळापैकी तेरा आले असते तर हॉर्न वाजले असते का?" :)

शुक्रवारी रात्री पेटी घेऊन मुलुंडला. मामाने आल्या आल्या ती उघडून तपासली. बटणं दाबून बघितली आणि दोन मिनिटांत म्हणाला, "ही परीक्षा पास व्हायला कान कशाला पाहिजेत? रिले लागताना वेगळा वाजतो आणि सुटताना वेगळा." आणि खरंच! लागताना 'टक्', सुटताना जरा हलकं 'टिक्'. मला ऐकूच आलं नव्हतं. "उमेदीची सगळी वर्षं रिले ऐकण्यात गेली माझी," मामा म्हणाला. एक्स्चेंजमध्ये नुसत्या आवाजावरून कुठला रॅक बिघडलाय ते ओळखायचे म्हणे. मग पेटी स्टीलच्या डब्यात, डबा गोधडीत आणि गोधडी आतल्या खोलीत, फक्त बटणांची लांब वायर बाहेर.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. शनिवारी सकाळी मामा सरावाला बसला. तो सगळं वहीत लिहितो. मधे वीज गेली, पेटी परत चालू केली. थोड्या वेळाने मामा म्हणाला, "अरे, पहिले पाच क्ष पुन्हा तेच आले की." मी म्हटलं, योगायोग. त्याने परत बंद करून चालू केली. परत तेच. च्यायला! आर्डुइनोच्या रँडम फंक्शनला सीड दिलं नाही की दर वेळी चालू केल्यावर ते तीच मालिका काढतं, हे कॉलेजमधल्या पोरांनाही माहीत असतं. पगार मला कोडिंगचा मिळतो आणि बग टेलिफोन खात्याने काढला.

सुधारलं. मग मामाने शनिवारभर अ आणि ब ऐकले. मी पिंक नॉइज लावला, कारण फरक शोधायला तो गाण्यापेक्षा बरा. मामाने अर्ध्या मिनिटात "पाऊस बंद कर" म्हणून बंद करायला लावला. त्याने निवडला नुसता तानपुरा. कुठलं गाणं नाही, फक्त तानपुरा, तोच तुकडा परत परत. मला वाटतं ती निवड पिंक नॉइजपेक्षा वाईट नव्हती. तानपुऱ्यात खालपासून वरपर्यंत सगळे स्वर सतत उलगडत असतात, आणि माणूस तो नुसता ऐकत राहू शकतो.

संध्याकाळी सहाला परीक्षा. या वेळी बदल अर्ध्या सेकंदात, घाई नाही, हवं तेव्हा चहा. मामा डोळे मिटून बटणं दाबत होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, कुकरसुद्धा लावला नव्हता तिने शिट्टी नको म्हणून. सोळावं उत्तर दिलं आणि स्क्रीनवर आकडा आला.

तेरा.

नशिबाने तेरा किंवा जास्त यायची शक्यता एक टक्का. मी दोन मिनिटं गप्पच बसलो. आधीची हुकलेली परीक्षा धरूनही बत्तीसपैकी बावीस होतात, त्याची शक्यता अडीच टक्के. कसंही फिरवा, मामाला फरक ऐकू येत होता. अडुसष्टाव्या वर्षी, ज्या वयात दहा-बारा किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांचं गेलेलं असतं!

"काय ऐकलंस?" मी विचारलं. "भरीव?"

"भरीव नाही रे," मामा म्हणाला. "तानपुरा सरकतो. तुझ्यावर मधोमध असतो, माझ्यावर जरासा उजवीकडे जातो."

माझ्या पोटात गोळा आला. मल्टिमीटर काढला. मी दोन्ही वेळा लेव्हल जुळवली होती ती उजव्या स्पीकरवर. डाव्याकडे बघितलंच नव्हतं. नव्या अ‍ॅम्पवर डावीकडे २.०० व्होल्ट. मामाच्या अ‍ॅम्पवर १.८९. अर्धा डेसिबल कमी. व्हॉल्यूमचा जुना पॉट डाव्या बाजूला झिजला होता. म्हणजे परीक्षा निर्दोष चालली, आकडा खरा आला, आणि उत्तर मात्र मला हव्या असलेल्या प्रश्नाचं नव्हतंच. तिने ट्रान्झिस्टर आणि क्लास-डी यांची तुलना केली नाही, एका झिजलेल्या पॉटची जाहिरात केली. नुसता आकडा बघून मी 'जुन्या अ‍ॅम्पमध्ये काहीतरी आहे' असं लिहून मोकळा झालो असतो तर दुसऱ्या तटाने मला डोक्यावर घेतलं असतं.

आणि तरीही मला त्या तेराचं कौतुक वाटतं. पहिल्या वेळी फरक तोच होता, पॉट तेव्हाही झिजलेलाच होता, पण त्या परीक्षेला तो सापडला नव्हता. आंधळ्या चाचण्यांना नावं ठेवणाऱ्यांचं इथे मला पटतं, की 'फरक सापडला नाही' म्हणणाऱ्याने आपली चाचणी अर्धा डेसिबल तरी पकडते का हे आधी दाखवावं. पण त्यांचं पुढचं, की म्हणून उघड्या डोळ्यांनी ऐकलेलंच खरं, ते अजिबात पटत नाही. उघड्या डोळ्यांनी मामाने काय सांगितलं होतं? भरीव. खरं कारण सापडलं ते अ‍ॅम्प दिसत नसतानाच. व्हायोलिनवाल्यांचंही तसंच झालं. २०१० मध्ये इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २१ वादकांना काळे गॉगल घालून जुनी आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली, लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीखाली अत्तराचा थेंबसुद्धा लावला. वादकांच्या आवडीनिवडी होत्या आणि चांगल्या ठाम होत्या. फक्त सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस.

रविवारी सकाळी मामाने बॅलन्सचा नॉब जरासा डावीकडे फिरवला, मी मोजत होतो. दोन्ही बाजू ०.१ डेसिबलच्या आत आल्या. परत तानपुरा, परत सोळा. या वेळी मामा पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाला, "आता अवघड आहे रे." पण नेटाने पूर्ण केलं.

आठ. बरोब्बर अर्धे.

मला वाटलं आता तो खट्टू होणार. काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. मामा वहीत आकडा लिहून, खाली रेघ मारून, चष्मा काढून म्हणाला, "म्हणजे माझा पस्तीस वर्षांचा डबा तुझ्या नव्याकोऱ्या मशीनइतकाच चांगला आहे!"

मी बघतच राहिलो. मी दोन आठवडे असं धरून चाललो होतो, की फरक नाही म्हणजे जुना टाकायला हरकत नाही. फरक नाही म्हणजे नवा घ्यायलाही कारण नाही, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी आपलं सुरू केलं, की मामा, सोळापैकी आठ म्हणजे दोन्ही सारखेच आहेत असं सिद्ध होत नाही, फक्त वेगळे आहेत असं सिद्ध होत नाही, लेव्हेंथल म्हणून एक आहे...

"हे बघ," मामाने हळू आवाजात मला थांबवलं, "ते तू मामीला सांगू नकोस."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकू येतंय मला सगळं. आणि मला परीक्षा नको घेऊस हं कोणी." मग जरा वेळाने, "कपाटाच्या वर बसत असेल तर राहू दे."

बसला. गेल्या रविवारी टेम्पोने सामान गेलं. मामाने तो टेम्पोत मागे ठेवू दिला नाही, धक्के बसतात म्हणून. मुलुंड पश्चिमेपासून नव्या जागेपर्यंत रिक्षात सव्वानऊ किलो माझ्या मांडीवर होते. नवा पॉट मी लॅमिंग्टन रोडवरून आणणार आहे, मामाने चिठ्ठी लिहून दिलीय. आणि अकरा हजारांचा अ‍ॅम्प आमच्या टीव्हीला लावलाय. बायको म्हणते, आवाज जरा भरीव वाटतो.